भिलाईहून काय आणलंत?

परगावी जाऊन आलेल्या माणसापेक्षा घरातल्या मंडळींचं लक्ष त्याच्या पिशवीकडे अधिक असतं. नागपूरहून आला असेल, तर संत्रा बर्फी निघणार. लोणावळ्याहून चिक्की, सोलापूरहून चादर, कोल्हापूरहून चप्पल, सावंतवाडीहून लाकडी फळांची परडी... गावाचं नाव घेतलं की वस्तूचं नाव आपोआप ओठांवर येतं. पण भिलाईहून येणाऱ्यानं काय आणावं?

प्रश्न गमतीचा वाटला, तरी भिलाई-दुर्ग परिसरातल्या अनेक मराठी घरांमध्ये तो दर सुट्टीत विचारला जातो. मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूरच्या पुढे काही तासांवर असलेलं हे शहर. भिलाई हे मुळात एका खेड्याचं नाव. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, आसपासच्या खेड्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. देशभरातून माणसं नोकरीला आली आणि तिथलीच झाली. मुलं शिकली, घरं उभी राहिली. पण गावाकडे नेण्याजोगी भिलाईची अशी वस्तू मात्र ठरली नाही. या कारखान्याचं सगळ्यात प्रसिद्ध उत्पादन म्हणजे रेल्वेचा रूळ. तो 130 मीटर लांबीचासुद्धा निघतो. मामाच्या घरी तो कसा न्यायचा?

उत्तर शोधायला दक्षिणेकडे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. कांकेर मागे पडतं, केशकालच्या घाटाची वळणं संपतात आणि बस्तरच्या पठारावरचं कोंडागाव येतं. 2012 पासून हे जिल्ह्याचं ठिकाण आहे. पण कलावस्तूंच्या जाणकारांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. कारण इथे आणि आसपासच्या खेड्यांत लोहार आहेत, पितळेचं ओतकाम करणारे घडवा आहेत, कुंभार आहेत. भिलाईत लोखंड वितळतं ते टनांच्या हिशेबात. कोंडागावचा लोहार ते वितळवत नाही. कोळशाच्या छोट्या भट्टीत लालबुंद करतो आणि हातोडी-छिन्नीनं ठोकून त्यातून हरिण, पक्षी, ढोल वाजवणारी माणसं आणि दिवे काढतो. पारंपरिक कामात ओतकाम नाही, वेल्डिंग नाही. एकाच पट्टीला फाटे फोडून त्यातून पाय, शिंगं, फांद्या निघतात. लग्नकार्यात असा लोखंडी दिवा देण्याची इथली जुनी रीत आहे.

गंमत बघा, बस्तरच्याच बैलाडिला डोंगरातलं उत्तम प्रतीचं लोहखनिज 1960 च्या दशकापासून आगगाड्या भरभरून विशाखापट्टणमला आणि तिथून जपानला गेलं. आणि त्याच बस्तरचा लोहार आपली हरणं करण्यासाठी भंगारातलं लोखंड विकत आणतो!

पितळेच्या वस्तूंची कहाणी याहून रंजक. या कामाला ढोकरा म्हणतात. पद्धत इतकी जुनी, की मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध नर्तकीची मूर्ती याच तत्त्वावर, म्हणजे मेणाचा साचा करून ओतलेली आहे. तिला साडेचार हजार वर्षं झाली.

काम कसं चालतं? आधी माती आणि भाताचा कोंडा एकत्र मळून वस्तूचा ढोबळ गाभा करायचा. तो वाळला, की वालाच्या पानांचा रस चोळून गुळगुळीत करायचा. मग मधमाश्यांचं मेण घ्यायचं. ते एका दाबयंत्रातून काढून त्याचा शेवयांसारखा बारीक धागा करायचा आणि तो गाभ्यावर गुंडाळत जायचं. डोळे, दागिने, केसांचा अंबाडा, सगळं मेणाच्या धाग्याचं. त्यावर बारीक गाळलेल्या मातीचा लेप, त्यावर वारुळाच्या मातीचा जाड थर. आता हा गोळा भट्टीत घातला, की आतलं मेण वितळून निघून जातं आणि तेवढीच पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. हे पितळही बहुतेकदा जुन्या भांड्यांचं, मोडीचं. थंड झालं, की साचा फोडायचा. एका साच्यातून एकच वस्तू निघते. दुसरी हवी असेल, तर पुन्हा माती मळण्यापासून सुरुवात!

पूर्वी ही वस्तू बाजारासाठी होतच नव्हती. गावच्या देवीची मूर्ती, घुंगरं, दिवे, दागिने हवे असले, की गावकरी घडव्याला सांगत. गिऱ्हाईक ओळखीचं, वस्तू ठरलेली. पुढे स्वस्त तयार माल खेड्यांत पोचला आणि ही मागणी आटत गेली. कोंडागावच्या जयदेव बघेल यांच्यासारख्या कलाकारांनी ही कला देशापरदेशांतल्या प्रदर्शनांत नेली, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला आणि शहरातला नवा गिऱ्हाईक उभा राहिला. आज घडव्याचं घर चालतं ते मुख्यतः याच अनोळखी गिऱ्हाइकाच्या भरवशावर. तो हजार किलोमीटरवर असतो, त्याला देवीचं नाव माहीत नसतं आणि त्याला वस्तू हवी असते ती शोकेसच्या मापाची.

म्हणूनच अशा गावाच्या पाठीराख्यांना महत्त्व येतं. पाठीराखे म्हणजे कोण? स्थानिक संस्था, एखादं महिला मंडळ, शाळा-कॉलेजातले शिक्षक, निवृत्त अधिकारी, एखादा डिझायनर. मनात कळकळ असते. एखाद्या सहलीत ही मंडळी खेड्यात जातात, भारावून पन्नास मूर्ती विकत घेतात, ओळखीपाळखीत खपवतात, फोटो निघतात. पुढच्या वर्षी उत्साह ओसरतो. कारागिरानं मात्र मोठी ऑर्डर पुन्हा येईल या आशेनं मेण आणि मोड उधारीवर भरून ठेवलेली असते. अशा मदतीनं माणूस आधीपेक्षा खोलात जातो.

मग टिकणारी मदत कशी असते? याचे दोन चांगले धडे महाराष्ट्रातच आहेत.

पहिला सावंतवाडीचा. गंजिफा हा हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ. छापील पत्ते आले आणि गंजिफा मागे पडला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीत हे काम जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांना बोलावलं. पण ऑर्डर देऊन ते थांबले नाहीत. दोघं स्वतः त्यांच्याकडून काम शिकले, तरुणांना शिकवण्याची सोय केली आणि राजवाड्याचा दरबार हॉल कार्यशाळेसाठी मोकळा केला. आज सावंतवाडीला जाणारा पर्यटक राजवाड्यात कारागीर पत्ते रंगवताना पाहतो. खेळण्यासाठी गंजिफा घेणारे थोडेच. बहुतेक जण आठवण म्हणून नेतात. पण हात जिवंत राहिला. स्वतः शिकल्याचा एक फायदा असा, की एका पत्त्याला किती वेळ लागतो हे पाठीराख्याला ठाऊक होतं. घासाघीस करायला मग जीभ रेटत नाही.

दुसरा धडा मेळघाटचा. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातलं लवादा हे कोरकू आदिवासींच्या मुलखातलं गाव. सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्यानं 1990 च्या दशकात तिथे संपूर्ण बांबू केंद्र उभारलं. सुनील देशपांडे यांचं 2021 मध्ये निधन झालं. या केंद्रात बांबूचं फर्निचर होतं, घरंही होतात. पण घरोघरी पोचली ती बांबूची राखी. विचार केला, तर ही निवड फार शहाणपणाची आहे. राखी लहान असते, हलकी असते, पाकिटातून पाठवता येते. बांबूचे छोटे तुकडेही तिला चालतात. मुख्य म्हणजे ती दरवर्षी नव्यानं लागते. शोभेची मूर्ती एकदा घेतली, की गिऱ्हाईक दहा वर्षं फिरकत नाही. राखीचं गिऱ्हाईक श्रावणात परत येतंच.

आता हे दोन्ही धडे घेऊन भिलाईत परत येऊ. कारखान्याच्या गावाचं एक वेगळं पंचांग असतं. दर महिनाअखेरीला कुणीतरी निवृत्त होतं आणि निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ आणि सोबत एखादं स्मृतिचिन्ह. 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. मराठी मंडळांचा गणेशोत्सव, शाळांचे बक्षीस समारंभ, बाहेरून येणारे पाहुणे. या सगळ्या प्रसंगी काही ना काही दिलं जातं आणि ते बहुतेक वेळा काचेचं किंवा प्लॅस्टिकचं, कुठल्याही शहरात मिळणारं असतं. ज्यानं पस्तीस वर्षं भट्टीसमोर काढली, त्याला निरोप देताना लोखंडाचा, त्याच मुलखातल्या लोहारानं भट्टीत घडवलेला दिवा दिला तर? तो दिवा नागपूरला, केरळला, बंगालला, जिथे तो माणूस परतेल तिथे जाईल. आणि 'हा कुठला?' असं कुणी विचारलं, तर त्याला सांगायला गोष्ट असेल.

समजा, भिलाईतल्या एखाद्या मंडळानं हे मनावर घेतलं. त्यांनी काय करायला हवं?

सगळ्यात आधी माप. दिवा पिशवीत मावला पाहिजे, रेल्वेच्या बर्थखाली राहिला पाहिजे. शिंगं बाहेर आलेलं हरिण गर्दीत दुसऱ्याच्या पायाला लागतं आणि स्वतःही वाकतं. मात्र माप लहान करायचं ते कारागिराशी बोलून. 'तुमची ही मोठी वस्तू अर्धी करून द्या' म्हटलं, की तो देतो. पण मेणाचा धागा त्या प्रमाणात अर्धा होत नाही, नक्षी गिचमिड होते. त्यापेक्षा 'एवढ्या मापात तुम्ही काय कराल?' असं विचारावं. उत्तर बहुधा आपल्या कल्पनेपेक्षा चांगलं येतं.

छोटी वस्तू म्हणजे हलकी कला, असंही समजू नये. नारायणपूर भागातली बांबूची बासरी घ्या. ती ओठाला लावायची गरज नाही. हातात धरून हवेत फिरवली, की घुमते! रानातून जाताना जनावरं दूर राहावीत म्हणून ती फिरवत. दुकानात मुलानं ती एकदा फिरवली, की विकणाऱ्याला काही बोलावंच लागत नाही. ही बासरी घडवणारे नारायणपूरचे पंडीराम मंडावी यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मग किंमत. इथे पाठीराख्यांनी थोडं गणित शिकावं. पितळ मेणापेक्षा जवळपास नऊपट जड असतं. म्हणजे साच्यात 60 ग्रॅम मेण गेलं असेल, तर त्या जागी अर्ध्या किलोहून अधिक पितळ बसणार. पितळेच्या मोडीचा बाजारभाव आधी विचारावा, त्यात मेण, कोळसा आणि फुकट गेलेले साचे धरावेत. हो, काही साचे फुकट जातातच. कुठे हवा अडकते, कुठे पितळ पोचत नाही. त्यानंतर दिवसांची मजुरी लावावी. ढोकऱ्याचे थर एकावर एक वाळवत न्यावे लागतात, त्यामुळे एक वस्तू एका दिवसात होत नाही. असा हिशेब मांडला, की रस्त्यावर अगदी स्वस्तात मिळणाऱ्या मूर्तीत कुणाची तरी मजुरी बुडालेली आहे किंवा ती मूर्ती हातची नाहीच, हे लक्षात येतं.

तिसरी गोष्ट आगाऊ रक्कम. मोड रोखीनं घ्यावी लागते आणि कारागिराकडे भांडवल नसतं. ऑर्डर देताना निम्मी रक्कम दिली, तर त्याला सावकाराकडे किंवा व्यापाऱ्याकडे जावं लागत नाही. वेळेचंही भान हवं. पावसाळ्यात मातीचे साचे लवकर वाळत नाहीत. दिवाळीच्या भेटी हव्या असतील, तर उन्हाळ्यातच सांगायला हवं. गणपती बसल्यावर फोन करून 'शंभर नग द्या' म्हणणाऱ्याला एक तर नकार मिळतो किंवा घाईचा माल.

चौथी गोष्ट अगदी घरगुती. लोखंड गंजतं. बस्तरच्या कोरड्या उन्हाळ्यात चकचकीत दिसणारा दिवा मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत तांबूस पडतो आणि 'फसवलं' अशी तक्रार येते. खोक्यात एक चिठ्ठी घातली तरी काम भागतं: कोरड्या फडक्यानं पुसा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा, ओल्या जागी ठेवू नका. त्याच चिठ्ठीवर घडवणाऱ्याचं नाव आणि गाव असावं. 'ट्रायबल आर्ट' एवढंच छापून भागत नाही. घरातला सुतार, शिंपी, सोनार आपल्याला नावानं माहीत असतो. मग या लोहारालाच नाव का नसावं?

नावाचा मुद्दा साधा नाही, हे वारली चित्रांनी दाखवून दिलं. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी वारल्यांच्या पाड्यांवर गेले, जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं जगापुढे आली, 2011 मध्ये म्हशे यांना पद्मश्री मिळाली. पण तोवर ती नाचणारी त्रिकोणी माणसं कपांवर, पडद्यांवर, कुर्त्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर पोचली होती आणि त्यातल्या कितीतरी वस्तूंचा एक पैसाही पाड्यावर गेला नव्हता. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते 2014 साली.

हे मानांकन बस्तरच्या ढोकरा, लोहकाम आणि लाकूडकाम या तिन्ही कलांनाही मिळालेलं आहे. त्याचा कायदा 1999 चा, अंमल 2003 पासून. पुण्याची पगडी, पैठणी, कोल्हापुरी चप्पल यांनाही त्याचंच संरक्षण आहे. त्या भागाबाहेर भलत्यानंच केलेली वस्तू त्या नावानं विकता येत नाही, हा त्याचा अर्थ. पण नोंदणी सहसा एखाद्या संस्थेच्या नावावर होते. एकेका कारागिराला त्याचा लाभ घ्यायचा, तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते आणि मूळ नोंदणीचंही दर दहा वर्षांनी नूतनीकरण असतं. अर्ज, कागदपत्रं, पत्रव्यवहार... खेड्यातल्या कारागिराला हे जंगल रानापेक्षा घनदाट वाटतं. निवृत्त अधिकाऱ्यांनी मदत करायची ठरवली, तर ती इथे करावी. आयुष्यभर फाइलींशी झुंजलेल्या माणसाचा अनुभव मूर्तींच्या खरेदीपेक्षा इथे अधिक उपयोगी पडेल.

कोंडागावात 'साथी'सारखी संस्था कुंभार आणि इतर कारागिरांसोबत काम करत आली आहे. राज्याच्या हस्तशिल्प मंडळाची 'शबरी' विक्रीकेंद्रं आहेत. म्हणजे भिलाईच्या मंडळाला सगळं शून्यापासून उभं करायचं नाही. जे आहे, त्याला नियमित गिऱ्हाईक जोडून द्यायचं आहे.

आणि एक धोकाही लक्षात ठेवायला हवा. बाजाराला एखादी वस्तू आवडली, की तीच तीच मागतो. ढोल वाजवणारं जोडपं खपलं, की सगळे ढोल वाजवणारं जोडपंच करू लागतात. ज्या हातांनी देवीची हत्तीवरची मिरवणूक घडवली, ते किचेनच्या रांगा लावू लागतात. पोट भरतं, पण मुलाला बापाकडून शिकण्यासारखं काही उरत नाही आणि तो शहरात हमालीला गेला तर त्याला दोष देता येत नाही. यावरही सोपा उपाय आहे. मंडळानं वर्षभर शंभर दिवे घ्यावेत आणि त्याचबरोबर वर्षातून एक मोठं काम कारागिराच्या मर्जीवर सोडावं. शाळेच्या प्रवेशद्वारासाठी, सभागृहासाठी, वाचनालयासाठी. विषय त्यानं निवडावा. दिव्यांवर घर चालेल, मोठ्या कामात मुलगा शिकेल.

सामान्य वाचकाला यातलं काय करता येईल? बस्तरची वस्तू घ्यायची वेळ आली, तर ती उलटी करून बघावी. अस्सल ढोकऱ्यावर मेणाच्या धाग्याच्या रेषा दिसतात, साच्याच्या दोन भागांची जोडरेघ नसते. पोकळ वस्तूत कधीकधी आतली काळी भाजलेली मातीही राहिलेली असते. ती घाण नव्हे, खूण आहे. शेजारी ठेवलेल्या दोन मूर्ती हुबेहूब सारख्या असतील, तर शंका घ्यावी. विकणाऱ्याला घडवणाऱ्याचं नाव विचारावं. त्याला सांगता आलं, तर शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नये. आणि वस्तू आवडली, तर पुढच्या वर्षी त्याच नावाच्या माणसाकडून दुसरी मागवावी. कोंडागावच्या भट्टीला पहिल्या ऑर्डरचा आनंद होतोच, पण घरातला मुलगा भात्याजवळ बसतो तो दुसऱ्या ऑर्डरनंतर.